बेटाचा चार्ज

चार्ज घेताना सही केली ती या वस्तूंवर:
झोपाळे चार, पैकी दोन साखळीविना.
घसरगुंडी एक.
सिमेंटचा जिराफ एक, मान नाही.
कारंजे बंद.
कुलूप एक. किल्ली आढळली नाही.

बेट यादीत नव्हतं.
ते बहुधा नदीच्या खात्यावर असावं.

सांगलीच्या वर कृष्णा एके ठिकाणी दोन वाटा करते
आणि थोडं पुढे जाऊन विचार बदलते.
त्या मधल्या जागेत कुणा नगराध्यक्षांनी बाग केली होती.
उद्घाटनाच्या फोटोत मीही आहे म्हणे,
आईच्या कडेवर, फुग्याआड तोंड.

पहिल्या दिवशी रायाप्पा आंबीची नाव दुरुस्तीला होती.
त्यानं मला गुळाच्या काहिलीतून नेलं.
"बसा मॅडम, हलू नका,
उलटली तर गोड काहीच निघायचं नाही."

काठावर बेशरम माझ्या छातीपर्यंत.
पुढे काँग्रेस गवत, त्यापुढे सुबाभूळ,
आणि सगळ्यांच्या वर, उंबरावर, वटवाघळं,
ज्यांनी आमची नोंद घेतली नाही.

बचतगटाच्या अकराजणी आल्या, कोयते घेऊन.
गवताखाली गाळ, गाळाखाली फरशी,
फरशीखाली पुन्हा गाळ, आधीच्या कुठल्या पुराचा.
छबाक्का मगदूमच्या खोऱ्याला काहीतरी वाजलं:
पितळी तांब्या, काठावर कोरलेलं,
'चि. सौ. कां. इंदुमती हिस, आजोळकडून.'
वरच्या अंगाच्या पाच गावांत विचारलं.
इंदुमती कुणाचीच नव्हती.
मग त्याच तांब्यानं करंजाच्या रोपांना पाणी.

दस्तगीर नदाफनं वेल्डिंगचं मशीन नावेतून आणलं,
मशीन मध्ये, स्वतः कडेला, बुडण्याच्या बेतात.
मी म्हटलं, पक्कं काही नको.
आकडे लावा. जुलै लागला की झोपाळे उतरतील,
बाकं दोराला बांधून उंबरावर चढतील.
काढता येईल तेवढंच बसवायचं.
तो हसला. "म्हणजे भाड्यानं राहिल्यागत."
जिराफाला मान करू का, त्यानं विचारलं.
पण पोरांनी तोवर त्याला घोडा ठरवला होता.

अकराव्या दिवशी, दक्षिणेच्या टोकाला,
रायाप्पानं हात वर केला.
कोयते थांबले.
माती उकरून पुन्हा सारखी केलेली,
चुलीवरच्या राखेसारखी, बाईच्या हातानं केल्यासारखी.
आणि चार हातांवर पाण्यानं
दोन डोळे उघडले.

आम्ही मागे मागे आलो,
देवळातून येतात तसं, पाठ न दाखवता.

साहेबांच्या नकाशात त्या टोकाला
पेव्हिंग ब्लॉक होते, एक सेल्फी पॉइंट,
आणि बदामाच्या चित्रासह गावाचं नाव.
मी टिपणी लिहिली:
दक्षिणेकडील सात गुंठे वगळावेत.
शेरा आला: कारण?
मी लिहिलं: तेथे जुनी वहिवाट आहे.
फाईल मंजूर झाली. कुणी वाचली असेल असं वाटत नाही.

तिथे आता तारेचं कुंपण,
आणि छबाक्काच्या नातवानं रंगवलेली पाटी:
'बाग इथे संपते.'
त्याखाली त्यानं मगर काढली,
ती थोडी म्हशीसारखी दिसते.

मे महिन्यात माणसं आली. भेळ आली.
भेळेचे कागदही आले, त्यावरून माझी भांडणं झाली.
एका म्हाताऱ्या जोडप्यानं कारंजं कुठे म्हणून विचारलं.
दाखवलं. त्यात बेडूक होते.
ती दोघं बराच वेळ तिथे बसली.

ऑगस्टात कोयनेचे दरवाजे उघडले.
आयर्विन पुलाखाली त्रेचाळीस फूट.
मी घाटावरून पाहिलं: उंबराचा शेंडा,
त्यात बांधलेली सहा बाकं, आणि पाणी.
मस्टरवर लिहिलं, बाग बंद.

पाणी उतरलं तेव्हा गाळ गुडघाभर होता.
घोडा जागेवर. कुंपण गेलं. पाटी गेली.
छबाक्कानं खोरं हातात घेण्याआधी
सगळीकडे तांब्या शोधला, उंबराच्या मुळांतसुद्धा.
"राहू दे," रायाप्पा म्हणाला, "नदीला लागला असेल."

खाली शिरोळकडे, कुठल्या तरी मळीत,
कुणी तो आता पदरानं पुसत असेल,
आणि गावोगाव विचारत असेल,
ही इंदुमती कुणाची?